दक्षिणेश्वर ते जयरामवाटी, मामांबरोबर

पहिला दिवस : दक्षिणेश्वर

मंगळवारी दक्षिणेश्वरला जाऊ नका, असं हॉटेलच्या मॅनेजरने आदल्या रात्री बजावलं होतं. मंगळवार आणि शनिवार हे कालीचे वार, गर्दीत हाल होतील म्हणाला. यावर मामांचं उत्तर ठरलेलं : "गर्दी आहे म्हणून पंढरपूर सोडलंय का कोणी?" तेव्हा मंगळवारीच निघालो. कोलकात्याची मेट्रो आता थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते आणि स्टेशनाबाहेर पडलं की स्कायवॉकवरून देवळापाशीच उतरता येतं. खाली कचोरीच्या दुकानांची रांगच्या रांग. हिंगाचा वास वरपर्यंत येत होता. पण मामांचा नियम, आधी दर्शन.

मामा नागपूरचे, तरुणपणापासून धंतोलीच्या रामकृष्ण मठात जाणारे. वचनामृताचे, म्हणजे रामकृष्णांच्या संवादांच्या नोंदींचे, खंड त्यांनी इतक्या वेळा वाचलेत की पानांच्या कडा मऊ झाल्यात. माझी ओळख मात्र शाळेच्या पुस्तकापुरती : रामकृष्ण परमहंस, सर्व धर्म सारखे, प्रश्न दोन गुणांना. हे 'सारखे' त्या माणसाने नेमकं कसं ठरवलं, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

रांगेत दुसरा उद्योग नसल्याने मामांनी देवळाचा इतिहास सुरू केला. राणी रासमणी ही कोलकात्याच्या जानबाजारातली श्रीमंत विधवा, जातीने कैवर्त. बांधकाम १८४७ साली सुरू झालं आणि ३१ मे १८५५ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. पैशाची ददात नव्हती. घोडं अडलं ते नैवेद्यापाशी. शूद्र बाईच्या देवळात देवीला शिजवलेलं अन्न कसं दाखवायचं? ब्राह्मण पुजारी मिळेना. शेवटी रामकुमार चट्टोपाध्याय या पंडितांनी तोड काढली की देऊळ आधी एखाद्या ब्राह्मणाला दान करा, मग शास्त्राची हरकत नाही. राणीने ते आपल्या गुरूच्या नावे केलं आणि पूजेला रामकुमारच उभे राहिले.

रामकुमारांचा धाकटा भाऊ गदाधर तेव्हा एकोणीस वर्षांचा. प्रतिष्ठेच्या दिवशी तो आला, सोहळा पाहिला, पण जेवला नाही. हजारो पानं उठत असताना त्याने बाजारातून पैशाचे मुरमुरे घेतले, ते खाल्ले आणि शहरात आपल्या बिऱ्हाडी परत गेला. पुढे देवळात राहायला आला तरी बरेच दिवस गंगेकाठी स्वतःचा भात स्वतः रांधायचा.

"हा गदाधर म्हणजेच...?"

"तेच, पुढचे रामकृष्ण," मामा म्हणाले. "पुढे सरक, रांग चाललीय."

काली इथे भवतारिणी. नऊ शिखरांचं देऊळ, दर्शनाला मिळाले दोन-चार क्षण. ओढलं गेल्यासारखे आत गेलो आणि तसेच बाहेर आलो. खरी बसायची जागा म्हणजे अंगणाच्या वायव्य कोपऱ्यातली रामकृष्णांची खोली. आत दोन पलंग, मोठा निजायचा, धाकटा बसायचा. भिंतींवर तसबिरीच तसबिरी. पश्चिमेला अर्धगोल ओसरी आणि तिथून समोर गंगा. महेंद्रनाथ गुप्त, म्हणजे वचनामृतकार 'म', यांनी या खोलीतल्या चित्रांची नोंद केली आहे. त्यात बुडणाऱ्या पीटरला हात देऊन वर काढणारा येशूही आहे. एक माणूस बुडतोय, दुसरा त्याला धरतोय, आणि पलीकडच्या भिंतीवर देवदेवता. खोलीत पन्नासेक माणसं जमिनीवर बसली होती. कोणी हूं की चूं करत नव्हतं.

बाहेर पंचवटीत मात्र वानरांचं राज्य. एका बाईच्या हातातला पेढ्यांचा पुडा गेला आणि सगळ्यांनी मिळून वानरालाच 'जय बजरंगबली' म्हटलं. वड, पिंपळ, आवळा, बेल आणि अशोक, या पाच झाडांपाशी बसून मामांनी तो भाग सांगितला जो मला ऐकायचा होता.

आधी कालीची उपासना झाली. १८६१ साली भैरवी ब्राह्मणी आली, तिच्याकडून तंत्रसाधना. जटाधारी नावाच्या वैष्णव साधूकडून रामललाची वात्सल्यभक्ती. मग तोतापुरी आले, दिगंबर अद्वैती संन्यासी, एका जागी तीन दिवसांवर न राहणारे. ते इथे अकरा महिने राहिले. इथपर्यंत सगळं हिंदू घरातच चाललं होतं. पण १८६६ साली गोविंद राय नावाचे एक साधक देवळाच्या आवारात उतरले. जन्माने हिंदू, सूफी मार्गाची दीक्षा घेतलेले. ते इथे का उतरले, तर राणीच्या देवळात साधूंप्रमाणे फकिरांनाही शिधा मिळत असे. पुरी आणि गंगासागरच्या वाटेवरचे सगळ्या पंथांचे लोक इथे मुक्कामाला थांबत. सगळ्या धर्मांची माणसं रामकृष्णांच्या दारात आणून सोडली ती, म्हटलं तर, त्या शिध्याने.

गोविंद रायांकडून रामकृष्णांनी दीक्षा घेतली आणि तीन दिवस ते अल्लाचं नाव जपत राहिले. धोतर मुसलमानी पद्धतीने गुंडाळलं, नमाज पढले. कालीच्या देवळात पाऊल टाकलं नाही, तिचं दर्शनही नको वाटायचं. देवळाच्या मुख्य आवाराबाहेर राहिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका हाताने घंटा आणि दुसऱ्या हाताने तसबी, म्हणजे मुसलमानांची जपमाळ, असलं काही नाही. एक दार पूर्ण बंद करून दुसरं उघडलं.

आणि मग जेवण. त्यांना मुसलमानांसारखं जेवावंसं वाटलं. देवळाची व्यवस्था पाहणारे मथुरबाबू, राणीचे जावई, कासावीस झाले. मधला मार्ग असा निघाला की मुसलमान आचारी बाजूला उभा राहून सांगेल आणि ब्राह्मण आचारी त्याप्रमाणे रांधेल. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रात ही गोष्ट न लपवता येते, याचं मला कौतुक वाटलं. मी मामांना म्हणालो, "म्हणजे अल्लापर्यंत पोचता आलं, पण भटारखान्याचा उंबरा ओलांडता आला नाही."

मामा रागावले नाहीत. "मथुरबाबूंचा उंबरा," एवढंच म्हणाले.

ज्या जमिनीवर हे सगळं घडलं तिचाही इतिहास तसाच. एक तुकडा इंग्रजाच्या मालकीचा, एक तुकडा वापरात नसलेलं मुसलमानांचं कब्रस्तान, गाजी पिराच्या आठवणीचं. जागा कासवाच्या पाठीसारखी उंचवट्याची, म्हणून तांत्रिक मताने शक्तिपूजेला उत्तम. राणीने ती घेतली आणि पिराचं स्थान तसंच राहू दिलं.

येशूची पाळी १८७४ साली आली. शंभुचरण मल्लिक त्यांना बायबल वाचून दाखवत. देवळाच्या दक्षिणेला यदुनाथ मल्लिकांचं उद्यानगृह होतं. तिथल्या दिवाणखान्यात मेरी आणि बाळ येशूचं चित्र होतं. ते पाहता पाहता भाव लागला आणि पुन्हा तीन दिवस काली नाही की काही नाही. मग याच पंचवटीत फिरताना समोरून एक गोरा पुरुष आला आणि त्यांच्यात विरून गेला. रामकृष्णांनी नंतर सांगितलं, नाकाचं टोक जरा चपटं होतं. शिष्य चक्रावले, ज्यू माणसाचं नाक असं कसं असेल म्हणाले. दर्शनावर माझा विश्वास किती, हा प्रश्न वेगळा. पण बनवून सांगणारा माणूस नाक चपटं सांगत नाही, चित्रातल्यासारखं सरळच सांगतो.

संध्याकाळी घाटावर बसलो. तळ्याला अनेक घाट असतात, हिंदू एका घाटावर भरून त्याला जल म्हणतात, मुसलमान दुसऱ्या घाटावर पानी, ख्रिस्ती तिसऱ्यावर वॉटर, हा त्यांचा नेहमीचा दृष्टान्त. तो आपल्याकडे इतका वापरून झालाय की गुळगुळीत झालाय. हा माणूस मात्र प्रत्येक घाट उतरून, पाण्यात बुडून मग बोलत होता. कचोरी त्यानंतर खाल्ली. हिंगाची होती, झकास होती, मामांनी तीनदा मागून घेतली.

दुसरा दिवस : काशीपूर, बेलूर

काशीपूरचं उद्यानगृह शांत आहे. गळ्याच्या कर्करोगाने आजारी असलेल्या रामकृष्णांना ११ डिसेंबर १८८५ रोजी इथे आणलं आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजी वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी देह ठेवला. जिना चढून वर गेलो. शेवटी शेवटी पातळ खीरसुद्धा गिळवत नव्हती. नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, हट्ट धरला की देवीला सांगा, थोडं तरी खाता येऊ दे. त्यांनी सांगितलं. मग लाजून नरेंद्राला म्हणाले, आई तुम्हा सगळ्यांकडे बोट दाखवून म्हणते, इतक्या तोंडांनी तर खातोच आहेस. मामा हे सांगताना खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी खालच्या बागेत जाऊन थांबलो.

दुपारी दक्षिणेश्वरच्या घाटावरून होडीने पलीकडे बेलूर मठ, रामकृष्ण संघाचं मुख्य ठिकाण. नदीवर चांगला वारा होता.

मठाची स्थापना १८९८ सालची. आताचं श्रीरामकृष्ण मंदिर १४ जानेवारी १९३८ रोजी पुरं होऊन उघडलं. कल्पना विवेकानंदांची, ती उतरवून काढली मूळच्या इंजिनिअर असलेल्या स्वामी विज्ञानानंदांनी. दर्शनी भागाची कमान पाहून अजिंठ्याचं चैत्यगवाक्ष आठवल्याशिवाय मराठी माणसाला राहवणार नाही. वर दक्षिणी गोपुराची उंची, सज्जे आणि खिडक्या राजपूत-मुघल वळणाच्या, आत खांबांच्या दोन ओळींचा लांबच लांब सभामंडप एखाद्या चर्चसारखा. मला तो कार्ल्याच्या चैत्यासारखाही वाटला. इमारत सुंदर आहे, यात वाद नाही.

तरी माझं मन तिथे पुरतं रमलं नाही. दगडात सगळं एकदम एकत्र करता येतं. रामकृष्णांनी ते एकत्र केलंच नव्हतं, एकेक करून, पुरतं, तेवढ्या काळापुरतं इतर सगळं सोडून केलं होतं. इष्टनिष्ठा सोडू नका, हा त्यांचा आग्रहच होता. घरातली सून सासू-सासरे, दीर, सगळ्यांची सेवा करते, पण नवऱ्याशी तिचं नातं निराळं, असं ते म्हणत. म्हणजे सगळ्यांचा मान ठेवा आणि आपल्या एकाला धरून राहा. आपल्याकडे समन्वय म्हटला की चार चिन्हं एका पोस्टरवर छापून मोकळे होतात. तसलं हे नाही.

मामांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "इमारतीला साधना करता येत नाही, ती एवढंच करू शकते." संध्याकाळच्या आरतीला 'खंडन भवबंधन' सुरू झालं आणि वाद तिथेच राहिला.

तिसरा दिवस : आँटपूर, कामारपुकुर

हावड्याहून तारकेश्वर लोकलने हरिपाल, तिथून रिक्षा करून आँटपूर. शिष्यांपैकी बाबुराम, नंतरचे स्वामी प्रेमानंद, यांचं हे गाव. त्यांच्या आईने या पोरक्या झालेल्या तरुणांना जेवायला-राहायला बोलावलं होतं. २४ डिसेंबर १८८६ च्या रात्री धुनी पेटवून ते बसले, नरेंद्राने येशूची गोष्ट सांगितली आणि संन्यासाचा निश्चय झाला. आज नाताळची पूर्वसंध्या आहे, हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं. धुनीच्या जागी आता मंडप आहे. गावातलं अठराव्या शतकातलं राधागोविंदाचं देऊळ पाहायला मात्र वेळ काढा. विटेवर केलेलं भाजक्या मातीचं कोरीवकाम इतकं बारीक आहे की मामा चष्मा पुसून पुसून पाहत होते.

तारकेश्वरहून पुढे आरामबागमार्गे बस. बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न होता.

कामारपुकुरला १८ फेब्रुवारी १८३६ रोजी गदाधरचा जन्म झाला तो धान कांडायच्या खोपटात. त्या जागी आता संगमरवरी मूर्तीचं मंदिर आहे आणि मूर्तीखालच्या बैठकीवर ढेंकी, म्हणजे पायाने चालवायची कांडणी, कोरलेली आहे. बाजूला घरचं रघुवीराचं देवघर आणि राहती घरं, मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली. चार माणसं उभी राहिली की खोली भरते. पूर्वी पुरीला जाणारी वाट या गावावरून जायची. जमीनदार लाहांच्या धर्मशाळेत साधू उतरत आणि गदाधर दिवसदिवस त्यांच्यात बसलेला असे, त्यांचंच अन्न खाऊन घरी येई.

धनी लोहारीण सुइणीचं काम करायची, गदाधरला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिने. मुंजीत पहिली भिक्षा तुझ्याकडून घेईन, असा शब्द पोराने तिला दिला होता. मुंज ठरली तेव्हा रामकुमार म्हणाले, ब्राह्मणेतर बाईची भिक्षा आपल्या कुळात चालत नाही. पोरगं अडून बसलं. शब्द मोडला तर जानवं घालायला मी लायक कसा, म्हणालं. शेवटी धनीनेच पहिली भिक्षा घातली.

आता हिशेब जुळेना. नवव्या वर्षी लोहारणीच्या हातची भिक्षा आणि एकोणिसाव्या वर्षी कैवर्त राणीच्या देवळात मुरमुरे? मी विचारलं. मामा बराच वेळ हालदारपुकुराच्या पायरीवर बसून राहिले. तळ्यात बायका भांडी घासत होत्या. मग म्हणाले, "घरात होता तेव्हा धनीला माणूस म्हणून ओळखत होता. शहरात गेला, तिथे भाऊ, शास्त्र, लोक काय म्हणतील. आपलंही असंच होतं की."

मला हे पूर्ण पटलं असं नाही. पण पुढे याच माणसाने दक्षिणेश्वरला मेहतराच्या घरची घाण रात्री गुपचूप जाऊन आपल्या लांब केसांनी पुसली, हेही खरं. आत बसलेली ब्राह्मणपणाची पुटं खरवडण्यासाठी. तेव्हा ती आत बसलेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. एका दमात कोणी सर्वधर्मी होत नाही.

त्यांच्या दृष्टान्तांपैकी मला सगळ्यात खरा वाटतो तो स्वयंपाकघरातलाच. घरात मासळी आली. आई एकाला पुलाव करून देते, एकाला आंबट कालवण, एकाला तळून, आणि ज्याचं पोट नाजूक त्याला पातळ रस्सा. ज्याला जे पचेल ते. धर्म वेगवेगळे का, याचं हे त्यांचं उत्तर. आणि माझंच खरं, बाकी सगळं खोटं, असं म्हणणाऱ्याच्या बुद्धीला ते 'मतुआर बुद्धी' म्हणत आणि तिची खिल्ली उडवत. यात मला आवडतं ते हे की आई एकच पदार्थ करून सगळ्यांच्या ताटात ढकलत नाही.

इथली पांढरी बोंदे प्रसिद्ध आहेत. आपल्या बुंदीसारखी, पण रंग न घातलेली आणि खाताना जरा जड. रामकृष्णांना ती आवडत, आणि जिलबी त्याहून. पोट कितीही भरलेलं असो, जिलबीला जागा होते, लाटसाहेबाची गाडी आली की गर्दीत वाट होते तशी, असं ते म्हणत. मामांनी दोन्ही पदार्थांना वाट करून दिली.

चौथा दिवस : जयरामवाटी

कामारपुकुरहून जयरामवाटी पाच-सहा किलोमीटर, पण जिल्हा बदलतो, हुगळी संपून बांकुडा लागतो. रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवींचा जन्म इथला, २२ डिसेंबर १८५३. १९२३ साली उभं राहिलेलं मातृमंदिर त्यांच्या जन्मस्थानी आहे. मी मात्र त्यांच्या राहत्या घरापाशी जास्त वेळ काढला. मातीचं घर, बुटकी ओसरी. वरच्या छपराला हात टेकतो.

या ओसरीवरची गोष्ट मामांनी मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

जवळच शिरोमणिपूर गाव. तिथले मुसलमान तुतीची लागवड करून रेशीम काढणारे. परदेशी मालापुढे धंदा बुडाला आणि त्यातले बरेच जण दरोडेखोरीला लागले. आसपासच्या गावांना त्यांची दहशत. श्रीमाँचं, म्हणजे सारदादेवींचं, नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा याच लोकांना मजुरीवर लावलं. त्यातला एक अमजद. त्याला एके दिवशी माँनी ओसरीवर जेवायला बसवलं. वाढायला त्यांची भाची नलिनी, सोवळ्याओवळ्याचं वेड असलेली. ती लांब अंगणात उभी राहून पानावर अन्न फेकू लागली. माँ म्हणाल्या, असं वाढल्यावर माणसाला जेवण गोड लागेल का? आणि स्वतः वाढायला बसल्या. त्याचं जेवण झालं, तेव्हा उष्टं उचलून जागा स्वतःच्या हाताने धुऊन काढली. नलिनी ओरडली, "आत्या, तुमची जात गेली!" त्यावर माँ म्हणाल्या, "शरत जसा माझा मुलगा, तसाच अमजदही." शरत म्हणजे स्वामी सारदानंद, रामकृष्ण मिशनचे सचिव, रामकृष्णांच्या थेट शिष्यांपैकी.

रामकृष्णांनी अल्लाचं नाव घेऊन समाधीपर्यंत मजल मारली, ती मोठीच. पण ब्राह्मण आचारी मध्ये होता. इथे मध्ये कोणी नाही. बाईने धर्मावर एक वाक्य न बोलता उष्टं काढलं. आपल्या नाथमहाराजांनी महाराच्या घरी जेवून पैठण हादरवलं, ते मला इथे आठवलं. आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्दच एकत्र येतात, आणि समन्वयाची भाषणं मात्र दोन्ही वगळून होतात.

मी मामांना स्पष्टच म्हणालो, "तुमच्या ठाकुरांपेक्षा माँ दोन पावलं पुढे गेल्या."

"ती त्यांनीच तयार केलेली," मामा म्हणाले.

"की त्यांना जे जमलं नाही ते तिने केलं?"

"तुला भांडायचंच आहे."

दुपारी मठात प्रसादाची पंगत होती. खिचडी, भाजी, आंबटगोड चटणी, शेवटी पायेश, म्हणजे खीर. माझ्या डावीकडे एक शाळकरी मुलगा होता, उजवीकडे डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या आजी. वाढणाऱ्या ब्रह्मचाऱ्याने कोणालाही नाव विचारलं नाही. आजींनी मला खुणेनेच चटणी आणखी घ्यायला लावली.

विष्णुपूरच्या बसमध्ये मामांनी नलिनीची बाजू घेतली. ती काही वाईट पोर नव्हती म्हणाले, लहानपणापासून जे शिकवलं ते ती पाळत होती. शिवाय गावात राहायचं तिला होतं, वाळीत टाकलं असतं तर कोण येणार होतं? मी म्हटलं, माँही त्याच गावच्या. मामा म्हणाले, माँना सांभाळायला कोलकात्याहून शिष्य येत, नलिनीला कोण होतं? यावर मला पटकन उत्तर सुचेना. विष्णुपूर स्टेशनवर हावड्याची गाडी उशिरा होती, म्हणून चहा घेतला आणि नलिनीवरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.